माशाला अहो म्हणणारे व्याही

पृथ्वीच्या पाठीवर माशाला 'अहो' म्हणणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा व्याही आहे. मला ते 'अहो' म्हणतात ती नात्याची रीत म्हणून. माशाला म्हणतात ते मनापासून. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन माझ्या लेकीचे हे सासरे मेलबर्नला मुलाकडे आले. नोकरीभर धरणांचं पाणी मोजलं, मासा मात्र एकही धरला नाही. ती सगळी कसर ते कॅम्परडाऊनजवळच्या अफाट गोड्या तळ्यावर काढतात. दर शनिवारी पहाटे आमच्या क्रेगीबर्न उपनगरातून निघायचं. गाडी मी चालवायची, घासाघीस करून बोट मी भाड्याने घ्यायची आणि हुकूम त्यांनी सोडायचे. मासे धरायला हे गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतात. बोटीत चढण्याआधी देवळात शिरावं तशा चपला धक्क्यावर काढून, जोडीने नीट मांडून ठेवतात. एकदा परतलो तर एक गोरा म्हातारा त्या चपलांशेजारी टोपी काढून उभा. "नो वरीज, मेट," आम्हाला बघून तो हुश्श करत म्हणाला, "आय थॉट समबडी ड्राउन्ड."

थर्मासमधला चहा ते एकटे पितात. पहिल्याच खेपेला मी हात पुढे केला तर म्हणाले, "व्याही, बोटीत ज्याचा त्याचा चहा. दोघं कपाकडे बघायला लागले तर रॉडकडे कोण बघणार?" ट्राउट गळाला लागला की यांचा आवाज तूप सोडल्यासारखा मऊ होतो. "या, या. घाई नाही. जायचंय? जा, फिरून या." आणि तेवढ्यात माझ्यावर खेकसतात, "ओढू नका हो! तुमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक नाही ते, आपण त्यांच्या दुकानात आलोय!" माझं टाइल्सचं दुकान आहे. दुसऱ्याची खोकी पाठीवर वाहत सुरुवात केली आणि स्वतःचं उभं केलं. माल घेताना भले भले आयातदार माझ्यापुढे घाम पुसतात. आणि मला सौदा शिकवतो कोण, तर सुपरमार्केटमध्ये लावलेल्या भावाला 'थँक यू' म्हणणारा माणूस!

पण माझा खरा राग वेगळाच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळाला सालमन लागला, चांगला कुत्र्याएवढा. जाळी माझ्या हातात होती. जाळी पाण्यात स्थिर धरायची आणि माशाला डोक्याकडून आत येऊ द्यायचं, हा नियम. माझी शेपटीकडून गेली आणि तो दोरी तोडून पसार झाला. बोट हलली होती, हे मी आजही सांगतो. पण नातीच्या बारशाला, माझ्याच पाहुण्यांसमोर, पाळण्याशेजारी उभं राहून हे म्हणाले, "आमच्या व्याह्यांनी सालमनला शेपटीला धरून निरोप दिला." तेव्हापासून गणपती असो नाहीतर दिवाळी, ही गोष्ट फराळासारखी घरोघर वाटली जाते. माझा पारा चढतो. पण व्याह्यांना उलटून बोलायचं कसं? लेक लगेच डोळे वटारते.

गेल्या महिन्यात मात्र देव पावला. माझ्या रॉडला असा हिसका बसला की रीळ किंचाळलं. व्याह्यांनी जाळी उचलली. मी दुकानात करतो तेच केलं. "नको तर नको, जा बाबा!" म्हणून दोरी सोडली आणि भलतीकडे बघत बसलो. तो लांब गेला, घुटमळला. घुटमळला की मी थोडी गुंडाळली. पुन्हा गेला, पुन्हा सोडली.

"हे कुठे शिकलात?" व्याह्यांनी विचारलं.

"दुकानात!"

शेवटी सालमन बोटीला लागला. आणि व्याह्यांनी जाळी शेपटीकडून घातली! "अहो, डोकं! डोकं!" मी बोंबललो. तो जाळीच्या काठावरून उसळून परत खोल गेला, पण गळ तोंडात शाबूत होता. मी पुन्हा सगळा सौदा पहिल्यापासून केला, या खेपेला जाळीही मीच घेतली, स्थिर धरली आणि साहेब डोक्याकडून गुमान आत आले. व्याह्यांच्या सालमनपेक्षा मोठा! मी असा आरडलो की लांबच्या बोटीतल्या लोकांनी टोप्या हलवल्या. मग वळून पाहिलं. व्याही फळीवर बसून आपला उजवा हात डाव्या हाताने दाबून धरत होते. तो थरथरत होता. बोट तर अजिबात हलत नव्हती.

पुढच्याच आठवड्यात नातीचा वाढदिवस होता. बारशाचीच सगळी माणसं जमली होती. याच संधीची तर मी वाट बघत होतो! उभा राहिलो आणि रिळाच्या किंचाळीपासून एकेक हिसका रंगवून सांगितला. व्याही ताटातल्या श्रीखंडाकडे बघत होते. गोष्ट जाळीपाशी आली. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "आणि आमच्या व्याह्यांनी जाळी अशी काही धरली की सालमनला नाही म्हणवेना." टाळ्या पडल्या. "आबा, अगेन!" नात ओरडली. मी पुन्हा सांगितली आणि दुसऱ्यांदा सालमन थोडा वाढला.

शनिवारी बोटीत दोघांनी गळ टाकले. मग ते म्हणाले, "व्याही, त्या दिवशी एक गोष्ट सांगायची राहिली तुमची."

"कुठली?"

"जाळीची."

"बोट हलली होती," मी म्हणालो.

त्यांनी थर्मास उघडला. पिशवीतून दुसरा कप काढून माझ्या हातात दिला. नवाकोरा, बुडाला अजून लेबल चिकटलेलं. ते चहा ओतू लागले तशी धार इकडेतिकडे हलायला लागली. मी कप तिच्यामागे नाचवला नाही. होता तिथेच स्थिर धरून राहिलो. चहा आपणहून आत आला.