तांब्यावरचं नाव

कोल्हापूरच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेल्या सासूबाई. म्हणजे त्यांचा फोटो. "काच फुटली तर परत येऊ नका," असं सुनंदानं, माझ्या बायकोनं, नागपूरहून निघतानाच बजावलं होतं. तिचा गुडघा नुकताच बदललाय, नाहीतर असली कामगिरी ती माझ्यासारख्या निवृत्त भूगोलमास्तरावर कशाला सोपवेल?

कामगिरी अशी होती. सुनंदाचे वडील अण्णा हे उचगावच्या एका छोट्या सहकारी बँकेचे पहिले मॅनेजर. बँकेनं आता नवी इमारत बांधली आणि तिथे अण्णांचा फोटो लावायचं ठरवलं. शेजारी आईचाही लागला पाहिजे, असं सुनंदाचं म्हणणं. चेअरमन फोनवर म्हणाले, "बघू की." 'बघू' म्हणजे 'नाही' हे सुनंदाला लगेच कळतं. मला ते कळायला लग्नानंतर दहा वर्षं लागली होती.

"आईनं काय केलं ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "पण काहीतरी केलंच असणार हो. तुम्ही विचारून या."

सासूबाईंना सगळे माई म्हणत. अण्णा गेल्यावर त्या आमच्याकडे नागपूरला राहिल्या. बोलणं अगदी मोजकं. रोज सकाळी भिंग घेऊन वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून टेंडर नोटिशीपर्यंत वाचायच्या आणि घडी घालून माझ्या हातात द्यायच्या. बँकेबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मीही कधी विचारलं नाही, हे इथे कबूल करतो.

राजारामपुरीतल्या लॉजवर सामान टाकून आधी मिसळ गाठली. आमच्याकडच्या तर्रीला इथे कट म्हणतात (मिसळीवर ओततात तो तिखट रस्सा) आणि तो मागाल तितका वाढतात. मी नागपुरी अभिमानापोटी तीनदा मागितला. मग नाकाडोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते काही केल्या थांबेना. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपल्यातला पाव माझ्याकडे सरकवला.

"पावणं, दमानं घ्या की. मिसळ कुठं पळून जात न्हाय."

रिक्षानं उचगावला गेलो. एकीकडे दुकानांच्या पाट्या आणि दुसरीकडे उसाचा ट्रॅक्टर, असं ते शहराला चिकटलेलं मोठं गाव. बँकेत भिंतींना ताजा रंग होता. चेअरमननी जावई म्हणून खुर्ची दिली, चहा दिला, फोटोही टॉवेल बाजूला करून नीट पाहिला.

"अण्णासायबांनी बँक उभी केली, ह्ये गावातलं शेंबडं पोरगंबी सांगंल," ते म्हणाले. "वैनींचं तुमी सांगा. काय केलं म्हनून लिवायचं फोटोखाली? उद्या अकराला कार्यक्रम हाय. तवर एक गोष्ट आना, मी शेजारी खिळा मारतो."

माणूस सरळ होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. मी म्हटलं, अण्णांच्या वेळचं कोणी आहे का? त्यांनी जुने शिपाई दत्तोबा यांचा पत्ता दिला. ते शिवाजी पेठेत राहतात.

पेठेतल्या गल्लीत दर दहा पावलांवर तालीम (कुस्तीचा आखाडा) आणि बोलणं मात्र सगळं फुटबॉलचं. भूगोलाच्या तासाला हे मी कधी शिकवलं नव्हतं. दत्तोबा एका तालमीच्या कट्ट्यावर कालच्या सामन्यातल्या पंचाचा उद्धार करत बसले होते. माईंचं नाव काढताच पंचाला सोडून माझ्याकडे वळले.

"सायेब कागद बघायचे आन वैनी घर बघायच्या," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"कुनी कर्ज मागितलं की वैनी त्या घरी हळदीकुंकवाच्या निमित्तानं जायच्या. घोटभर च्या घ्यायच्या. घरातली बाई कशी हाय, चूल कशी हाय, बघून यायच्या. मगच सायेब सही करायचे. न्हायतर न्हाय."

मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. कुंकू लावायला जायचं आणि चुलीचा कानोसा घ्यायचा, याला आमच्याकडे हेरगिरी म्हणतात. हे चेअरमनला कोणत्या तोंडानं सांगू? आणि सुनंदाला? माझा चेहरा बघून दत्तोबा म्हणाले, "उचगावच्या हौसाबाईला गाठा. तिच्या घरी वैनी गेलत्या तवा मी संगं गेलतो."

दुपारी पुन्हा उचगाव. हौसाबाईंच्या दारात म्हशींचा गोठा आहे, सात-आठ म्हशी. मी म्हशींकडे बघत आत शिरलो आणि डावा पाय घोट्यापर्यंत शेणात गेला. पंचाहत्तरीच्या पुढच्या हौसाबाई मोठ्यानं हसल्या.

"म्यानेजरचा जावाई म्हंजे गावचा जावाई. आनि आल्या आल्या शेनात! या, पाय धुवा."

पाय धुऊन बसलो. त्यांनी गुळाचा खडा आणि पितळेच्या तांब्यात पाणी आणून दिलं. तांब्या चिंचेनं घासून लख्ख केलेला. त्यावर नाव कोरलं होतं, 'हौसाबाई'. मी माईंचा आणि उद्याच्या फोटोचा विषय काढला.

"आमचं घर तवा निस्तं रिकामं," त्या सांगू लागल्या. "म्हशींसाठी कर्ज मागितलं हुतं. वैनी येनार म्हनून कळलं आन मी शेजारच्या अनुसयाकडनं पितळंची भांडी मागून आनली. तांब्या, परात, डबं. फळीवर मांडली. म्हनलं, भरलं घर दिसू दे."

"पण भांड्यांवर नावं असतात की," मी म्हणालो.

"हुती की! समद्यांवर अनुसयाचं नाव. पर मला कुठं वाचता येतंय? वाटलं, वैनीबी कुनब्याची लेक, तिला तरी कुठं येतंय! तिनं पानी मागितलं. मी अनुसयाच्या तांब्यातनं दिलं. तिनं तांब्या हातात फिरवला, पानी प्याली, मला कुकू लावलं आनि गेली. चवथ्या दिशी कर्ज मंजूर! मी अनुसयाला म्हनलं, बाई अडानी निघाली म्हनून वाचलो."

मला ते भिंग आणि टेंडर नोटिसा आठवल्या. सांगावं की नाही, अशा विचारात मी पडलो. एवढी वर्षं जपलेली गंमत आपण का मोडावी?

पण हौसाबाई थांबल्या नव्हत्या. "दोन म्हशी आल्या. हप्तं सुरू झालं. दिवाळीला दत्तोबा ह्यो तांब्या घिऊन आला. म्हनला, वैनींनी दिलाय. थोरल्या लेकाला म्हनलं, वाच रं काय लिवलंय. त्यो म्हनला, आये, तुझंच नाव हाय. म्हंजे वैनीनं तवा अनुसयाचं नाव वाचलं हुतं!"

"माई काही बोलल्या नाहीत?"

"ती बोलली न्हाय, मी इचारलं न्हाय. पर कर्ज का दिलं, ते मला उमगलंय. घराची लाज राखायला जी धडपडती, आनि शेजारीन जिच्या हवाली समदी भांडी करती, ती बाई बँक बुडवंल व्हय?"

मी तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. सकाळच्या मिसळीनंतर डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं, आणि या वेळी कटाचा काही संबंध नव्हता. हेरगिरी हा शब्द मी मनातल्या मनात परत घेतला.

दुसऱ्या दिवशी अकराला हौसाबाई नवं लुगडं नेसून बँकेत हजर. पिशवीतून तांब्या काढून त्यांनी चेअरमनच्या टेबलावर ठेवला आणि सगळी हकीकत उभ्यानंच सांगितली. चेअरमननी तांब्या चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"ह्यावर तर तुमचंच नाव हाय की. वैनींचं कुठं हाय?"

"न्हाय. त्येच तर सांगाय आले," हौसाबाई म्हणाल्या.

चेअरमननी तांब्या हौसाबाईंच्या हातात परत दिला. मग त्यांनी शिपायाला हाक मारून खिळा आणि हातोडी मागवली.

"खाली काय लिवू?" त्यांनी मला विचारलं.

"निस्तं नाव लिवा," हौसाबाईच बोलल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "नाव काय हुतं वो तिचं? इवढी वर्सं झाली, मी कधी इचारलंच न्हाय."

"सुमती," मी म्हणालो. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

नागपूरला पोचलो तेव्हा सुनंदा पाय लांब करून पलंगावर बसली होती. सगळं सांगून झाल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढला नाही. "म्हणजे केलं होतं आईनं," एवढंच म्हणाली.

मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो आणि आधण ठेवायच्या आधी मांडणीवरची भांडी एकेक करून उलटीपालटी करून पाहू लागलो. ताटांवर माझं नाव, पातेल्यांवर माझ्या वडिलांचं, डब्यांवर पुन्हा माझं.

"केवढा आवाज! काय शोधताय?" सुनंदानं पलंगावरूनच विचारलं.

"तुझं नाव."

"ते कशाला असेल तिथे?" ती म्हणाली. "साखर वरच्या डब्यात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मांडणीवरचा तांब्या पिशवीत घालून मी भांडीबाजारात नाव कोरणाऱ्याकडे गेलो.