रद्दीतला खासदार

चहा घ्या, आणि ऐका. माझ्या हातून एक गाढवपणा झाला, तो मी इतकी वर्षं घराबाहेर काढला नव्हता. आज सांगतो. पण मध्ये हसायचं नाही. शेवटी हसा, तेव्हा मी अडवणार नाही.

माझं शिक्षण चौथी. वसईत आमची फुलवाडी आहे, चाफा आणि मोगरा. आळीत चाळीस घरं. आमच्याकडे रीत अशी, की मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सगळे आमच्या ओट्यावर जमायचे आणि विचारायचे, "आप्पा, कुणाला?" मी नाव सांगायचो. दुसरा शब्द नाही.

एवढा मान असला की माणूस काय करतो? स्वतःला शहाणा समजतो.

मुंबईत बॉम्ब फुटले त्या दिवशी माझा थोरला दादरला फुलं घेऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा पत्ता नव्हता, रात्री उशिरा घरी आला. त्या दिवशी मी ठरवलं, अतिरेक्यांसाठी कडक कायदा हवा, आणि त्याच्या विरोधात हात वर करणाऱ्याला या आळीतून एक मत जाणार नाही. हे मी चाळीस घरांना सांगून ठेवलं होतं.

पुढे लोकसभेची निवडणूक आली. दोन हजार चारची. एका बाजूला त्या वेळचे खासदार. दुसऱ्या बाजूला भाऊ म्हणून एक उमेदवार. ते पूर्वी एकदा खासदार होते, मग पडले, आता परत उभे होते. का पडले, ते आमच्या आळीत कुणाला ठाऊक नव्हतं.

खासदारांचा प्रचार करत होता इनास. इनास माझ्या लहानपणचा दोस्त. त्याची वाडी माझ्या वाडीला लागून, आणि त्याची मोट आणि माझी मोट एकाच विहिरीवर चालायची. तो मॅट्रिक झाला, मी चौथीत थांबलो. एवढाच काय तो फरक, पण मला तो जन्मभर टोचला.

आता फुलं बांधायला आम्हाला रद्दी लागते. एव्हरशाईन सिटीच्या इमारतींत कुणीतरी घर बदललं, तिथून गठ्ठा आणला होता. चाफ्याची पुडी बांधताना एका कागदावर माझी नजर गेली. मोठ्या अक्षरात छापलेलं, "कडक कायद्याला आपल्या खासदारांचा विरोध." खाली लिहिलेलं, संसदेत विरोधात मत दिलं. वरची पट्टी आणि खालचा अर्धा कागद सुनेने पुड्यांसाठी आधीच फाडला होता.

कागद पिवळा होता. पण ओल्या फुलांनी सगळेच कागद पिवळे पडतात. मी घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दोन दिवसांनी इनास आळीत प्रचाराला आला. वीसेक माणसं जमली. तो म्हणाला, "आपल्या खासदारांनी दोन वर्षांपूर्वी कडक कायद्याच्या बाजूने मत दिलं. दामू, तुला हवं होतं तेच केलं त्यांनी."

मी उठलो. "खोटं बोलतोस."

"कोण म्हणतं?"

"छापलंय." मी खिशावर हात ठेवला.

"दाखव बघू."

"का? मला वाचता येत नाही असं वाटतं तुला?"

"तसं कुठं म्हणालो मी? कधीचा कागद आहे ते बघतो फक्त."

"मॅट्रिकवाल्याने बघितल्याशिवाय खरं होत नाही काय? प्रचाराच्या चहासाठी खोटं बोलायला लागलास इनास, या वयात."

इनासने हातातली पत्रकं गोळा केली आणि गेला. त्या दिवसापासून त्याने प्रचार सोडला. विहिरीवर समोर आला तरी मान वळवायचा.

मला वाटलं, खोटं पकडलं गेलं म्हणून लाजतो.

मतदानाच्या तीन दिवस आधी भाऊ स्वतः आमच्या आळीत आले. हार झाला, नारळ झाला. मी ऐटीत पुढे गेलो, कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "भाऊ, यामुळे आमची चाळीस घरं तुमची."

भाऊंनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आप्पा," ते म्हणाले, "हा मीच."

"कोण मीच?"

"तेव्हा खासदार मीच होतो. दहा वर्षं झाली. या मतापायी लोकांनी मला पाडलं. आणि तुम्ही हा कागद इतकी वर्षं जपून ठेवलात?"

त्यांनी मला मिठी मारली. सगळ्या आळीसमोर. मग लोकांकडे वळून म्हणाले, "त्या कायद्यात निरपराध पोरंसुद्धा वर्षानुवर्षं आत राहतात, म्हणून मी विरोध केला. कुणाला पटलं नाही. या एका माणसाला पटलं."



भाऊ गेल्यावर पुतण्याने हळूच विचारलं, "आप्पा, तुम्ही तर म्हणायचात, विरोध करणाऱ्याला मत नाही."

इथे खरं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? मी म्हणालो, "माणसाने विचार करू नये काय? मी विचार बदलला."

"कधी?"

"केव्हाचा."

"बरोबर आहे," शेजारचा तुकाराम म्हणाला. "निरपराध माणूस आत गेला तर काय? आप्पांनी खोल विचार केला असणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यासाठी चाळीस घरांनी उभ्या उभ्या कायद्याबद्दलचं मत फिरवलं. आदल्या संध्याकाळी ओट्यावर विचारलं तेव्हा भाऊंचंच नाव माझ्या तोंडून गेलं. त्या रात्री ताट तसंच ठेवलं. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसलो.

मतदानाच्या खोलीत मी एकटा होतो. तिथे कोण बघणार? माझा नियम मी मोडला नाही. खासदारांचं बटण दाबलं आणि तडक इनासच्या घरी गेलो.

तो ओटीवर सुपारी कातरत होता. मी उभ्यानेच सांगितलं. "कागद जुना होता. खोटं तू नाही बोललास. मी बोललो, सगळ्यांसमोर. मला माफ कर."

अशी वाक्यं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

इनासने अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे तू विचार बदलला नव्हतास?"

"नाही."

"अरे दामू," तो म्हणाला, "मला तुकारामने सांगितलं, आप्पांनी मत बदललं. मी म्हटलं, हा माणूस साठ वर्षांत कधी बदलला नाही. आता बदललाय तर त्यात काहीतरी असणार. सकाळी जाऊन भाऊंना मत देऊन आलो. बायकोलाही द्यायला लावलं."

मी त्याच्या शेजारी बसलो.

"आणि तू कुणाला दिलंस?" त्याने विचारलं.

काय सांगणार? अख्ख्या आळीत त्या खासदारांना मत देणारा मी एकटाच निघालो.