आसराबाईच्या माळावर आपटलेलं विमान

आष्टीजवळच्या माळावर आसराबाई मेंढरं चारायची. नवरा गेल्यावर दीर कारभारी म्हणाला, कळप विकून टाक. तिनं त्याला नुसतं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेवढ्यावर तो विषय मिटला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या हिवाळ्यात गावचे मालक असलेल्या देशमुखांच्या काकासाहेबांनी हैदराबादेहून एक जुनं विमान आणलं. पुढं दोन चाकं, शेपटाखाली एक बारकं. गावाला वेठीला धरून माळावरचे दगड वेचून घेतले आणि रोज सकाळी त्यांचा विमान उतरवण्याचा सराव सुरू झाला. विमान टेकायचं, बेडकासारखं उसळायचं, पुन्हा आपटायचं. बांधावरची खुशमस्करी मंडळी ओरडायची, "वा मालक!" त्यांत कारभारी सगळ्यांत पुढं.

"आपटलं तरी वाहवा," आसराबाई म्हणायची. "ह्यांना लाज कशी न्हाई वाटत?"

एके सकाळी आडवा वारा सुटला होता. चाकं टेकली तोच शेपूट एकीकडं घसरलं, विमान स्वतःभोवती गर्रकन फिरलं, पंख मोडला आणि नाक बांधात घुसलं. भडका उडेल या भीतीनं वाहवा करणारे गावाकडं पळत सुटले. आसराबाई तेवढी विमानाकडं धावली. काकासाहेब पट्ट्यात अडकले होते, नाकातून रक्त येत होतं.

"पट्टा सोडा की मालक, का तेही मीच करू?"

तिनं बखोटीला धरून त्यांना बाहेर ओढलं. दम खाऊन मालक पहिलं काय बोलले? "तुझी मेंढी आडवी आली!"

दुपारी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब पंचनाम्याला आले. कारभारीनं मान डोलावली, "बराबर हाय साहेब, मेंढीच आली."

"माझी मेंढरं वढ्यावर पाणी पिऊन राह्यल्ती," आसराबाई म्हणाली. "आडवं आलं ते मालकाच्याच विमानाचं शेपूट. त्याला धरून न्या."

अमीनसाहेबांनी हसू दाबलं, पण कागदावर मेंढीच लिहिली. देशमुखांनी तिला माळ बंद केला. वर्षभर ती कळप लांबच्या डोंगराकडं न्यायची. पायाला भेगा पडल्या, तरी वाड्यावर हात जोडायला गेली नाही.

मोडकं विमान बैलगाड्यांवर लादून परतूरच्या रेल्वे स्टेशनावर गेलं. काकासाहेब पुन्हा उडाले नाहीत.

पुढं जत्रेला कारभारी तिच्याकडं जेवायला आला. भरल्या पंगतीत तिनं वाढता वाढता विचारलं, "भावजी, ती मेंढी काळी व्हती का पांढरी?"

कारभारी खाली मान घालून भाकरी कुस्करायला लागला. "घ्या अजून," म्हणत तिनं भाकरी वाढली आणि पुढच्या पानाकडं वळली.