भिंतीवरचा नमुना अर्ज

माझी पुस्तकं कोणीतरी दाबून ठेवली होती! स्पष्टच सांगते. मुद्दाम, जाणूनबुजून, एका होतकरू मुलीचं वर्ष बुडावं म्हणून! कोणी, ते ठाऊक नव्हतं. पण कोणीतरी होतंच.

असं मी त्या दोन महिन्यांत आमच्या भैंसा गावातल्या निदान पन्नास माणसांना ऐकवलं असेल. काहींना दोनदा. आता त्यातलं खरं काय निघालं ते सांगायला बसले आहे, तर एकच विनंती. चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका.

झालं असं, की मी बी.ए. झाले. विषय इतिहास. आणि आमच्या शेजारच्या गावच्या शाळेत दोन वर्षं गणिताला मास्तर नव्हता. आठवीच्या मुली गणिताच्या तासाला अंगणात लगोरी खेळायच्या. ते बघून माझं रक्त उसळलं. (तेव्हा ते कशानंही उसळायचं.) मी तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेले.

"सर, मी शिकवते गणित."

मोठ्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तू? तू तं इतिहासवाली ना?"

"शिकेन की! ते दूरशिक्षणाचं विद्यापीठ आहे ना, त्यात नाव घालते."

"मंग तसा कागद आन. गणिताला नाव घातल्याचा. दसऱ्याच्या सुट्ट्यांच्या आधी आन, मी तुले आठवी देतो. कागद नाई, तं आठवी नाई. वरून साहेब आला तं मी त्याले काय दाखवू, तुहा उत्साह?"

झालं! एका कागदावर सगळं येऊन ठेपलं. आठवीच्या मुली, माझी पहिली नोकरी आणि आईच्या "आता पुढं काय?" या रोजच्या प्रश्नाचं उत्तर.

माहितीपत्रक आणलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आपल्या गतीने शिका.' रोजचे वर्ग नाहीत, हजेरी नाही. एक विषय घ्या, दोन घ्या, तीन घ्या. आज परीक्षा द्या, नाहीतर पुढच्या वर्षी द्या. वाचून मला वाटलं, हे विद्यापीठ माझ्यासाठीच काढलेलं आहे! माझी गती म्हणजे काय विचारता? उकळायच्या आत चहा गाळणारी मुलगी मी.

गणिताचे चार विषय होते. पायाभूत गणित, बीजगणित, कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र. खाली बारीक अक्षरांत सूचना होती, की बारावीला गणित नसलेल्यांनी आधी पायाभूत गणित घ्यावे. ती मी वाचली. आणि ती दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असं ठरवून टाकलं.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तीस वर्षं पहिलीला 'एक अधिक एक' शिकवून आलेली. ती म्हणाली, "पोरी, एकच घे. जे पेलंन ते घे."

"आई, पेलेल तेच उचलायचं ठरवलं असतं, तर आपल्या घरातलं कोणी शेतातून शाळेत आलं असतं का?"

आईनं तपासायच्या वह्या पुढं ओढल्या. पटून ओढल्या की कंटाळून, हे मी पाहिलं नाही. बीजगणित, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, तिन्ही घेतले!

अर्ज भरायला केंद्रावर गेले तर तिथं ही गर्दी! केंद्र म्हणजे कॉलेजातली एक खोली आणि एक खिडकी. अर्ज इंग्रजीत आणि तेलुगूत. आमचं असं आहे, की आम्ही राहतो आंध्रात, बोलतो मराठीत, अर्ज भरतो इंग्रजीत आणि ओरडा खातो हिंदीत. कापसाच्या जिनिंगमधले वजनाचे काटेवाले, बसचे कंडक्टर, शाळेतले कारकून, सगळे अर्ज हातात धरून एकमेकांच्या कागदात डोकावत होते. पुढचा जे लिहील ते मागचा लिहिणार, ही आपली जुनी रीत.

माझं रक्त पुन्हा उसळलं. बाकावर चढून म्हणाले, "कोणी भिऊ नका! मी एक नमुना भरून भिंतीवर लावते. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, ते बघून सगळ्यांनी भरा!"

"वा ताई!" कोणीतरी म्हणालं. बस, आणखी काय पाहिजे होतं मला?

स्वतःचा अर्ज मी घरूनच भरून आणला होता, मोत्यासारख्या अक्षरात. आता दुसरा कोरा घेऊन नमुना भरला. नाव सुचेल ते टाकलं, पत्ता सवयीनं आमचाच लिहिला. विषय एकच, पायाभूत गणित, नमुन्यात आपलं सोपं असावं म्हणून. फोटो कुठं लावायचा ते लोकांना कळावं, म्हणून जवळचा एक जादा फोटोही लावला. कँटीनमधून वाटीभर खळ आणली. तेवढ्यात खिडकीतले साहेब ओरडले, "जल्दी करो अम्मा! टैम अयिपोयिंदि!" म्हणजे आजची वेळ संपली. खिडकी बंद व्हायला आली होती.

आता लक्ष द्या. एका हातात एक अर्ज, दुसऱ्या हातात दुसरा, दातांत बँकेत फी भरल्याचं चलान, काखेत खळीची वाटी. चलान टोचलं, एक अर्ज खिडकीत सरकवला, दुसऱ्याला सढळ हातानं खळ फासली आणि भिंतीवर असा थापला, की भूकंप झाला तर भिंत पडावी, पण अर्ज पडू नये. वर लाल शाईनं लिहिलं, 'नमुना'.

"पोचपावती कधी?" मी विचारलं.

"पोस्ट से आयेगी," म्हणत साहेबांनी खिडकी लावली.

आणि सुरू झालं वाट बघणं. देवा रे! नको, तो शब्दही नको, आम्ही देवाला हाक मारणारे नाही. पण त्या दिवसांत मी ती मारायच्या फार जवळ आले होते. सकाळी दहाला सायकलची घंटी वाजली, की मी दारात. टपालवाले मामा यायचे, वर्तमानपत्र द्यायचे, जायचे. इकडे मोठे सर दर सोमवारी विचारायचे, "कागद?"

"येऊन राह्यला, सर."

"पायी येऊन राह्यला का?"

तिकडे मुली लगोरीत इतक्या तरबेज झाल्या होत्या, की जिल्ह्याला गेल्या असत्या.

तिसऱ्या आठवड्यात मामा दारात थांबले. "ताई, ए. पद्मा कोन हाय?"

"इथं कोणी पद्मा नाही."

"पत्ता तं तुमचाच हाय."

"आमच्या आधी या घरात तेलुगू नर्सबाई राहायच्या, त्यांचं असेल. परत पाठवा."

हसू नका! एवढ्यात नका हसू, ते पुढं लागेल.

चौथ्या आठवड्यात मामांनी सायकलवरून जाडजूड पार्सल उतरवलं. मी धावले. वर नाव, ए. पद्मा. परत पाठवलं. पाचव्या आठवड्यात तेच पार्सल पुन्हा आलं. आई म्हणाली, "अवं, ठेवून तं घे. उघडून पाहू काय हाय ते."

"आई! दुसऱ्याचं टपाल फोडणं गुन्हा आहे! याच वृत्तीमुळं देश मागं राहिला!" आणि मामांच्या कानावरचं पेन ओढून मी त्या पार्सलवर ठसठशीत लिहिलं, 'या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही.' खाली सही केली, तारीख घातली. पूर्ण नावासह.

मामा जाता जाता म्हणाले, "ताई, कोन्या पद्माले पुस्तकं येऊन राह्यली, अन् तुमाले साधं कार्डबी नाई. नशीब हाय एकेकाचं."

त्या रात्री मी जेवले नाही. माझ्या पुस्तकांवर कोणीतरी बसलंय, याची आता खात्रीच झाली. दसऱ्याच्या सुट्ट्यांना चार दिवस उरले होते. रविवारी मार्गदर्शनाचा पहिला वर्ग होता. मी पदर खोचला. ड्रेस होता खरा, तर ओढणी खोचली, आणि केंद्रावर भांडायला गेले.

तिथं माझ्या आधीच भांडण सुरू होतं. चाळीसेक माणसं खिडकीशी ओरडत होती. जिनिंगचे एक काटेवाले, मिशाळ, धिप्पाड, हातात कागद नाचवत होते.

"मले पाहिजे होता इतिहास! अन् हे कॅल्क्युलस काय हाय? माह्या घरात सात पिढ्यात कोनाले झालं नाई ते!"

"मलेबी तेच आलं!" दुसरा म्हणाला. "तीन-तीन गणितं! नमुन्यात होतं, आमी उतरवलं."

"अन् हे वाचा," काटेवाल्यांनी कागद माझ्यासमोर धरला. वर छापलं होतं, 'श्रीमती'. "नमुन्यात जिथं खूण होती, तिथंच मीबी केली. घरवाली आठ दिवसांपासून हसून राह्यली! कोन्या गाढवानं लावला तो नमुना?"

अन्याय म्हटला, की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही. मी तावातावानं पुढं झाले. "बरोबर आहे! चाळीस माणसांच्या आयुष्याशी खेळ! ज्यानं लावला, त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे! नाव काय आहे त्याचं? बघू तरी नमुना!"

गर्दीनं वाट करून दिली.

भिंतीवर मोत्यासारखं अक्षर होतं. बीजगणित, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र. फोटोला कोणी बॉलपेननं मिशा आणि चष्मा काढला होता. पण त्या मिशांच्या मागून माझ्याकडं कोण बघत होतं, हे मला ओळखू येणार नाही का? नाव माझं. वडिलांचं नाव माझ्याच वडिलांचं. आणि वर लाल शाईत माझ्याच हातचं, 'नमुना'.

म्हणजे मी खिडकीत दिला तो नमुना... आणि ज्या बाईचं नाव सुचेल तसं टाकलं, ती... ती पद्मा!

"बोला ना ताई," काटेवाले म्हणाले. "कारवाई करा म्हनत होत्या तुमी?"

"जाऊ द्या हो," मी म्हणाले. "माणूस आहे. चुकतो एखादा."

"एखादा? लोकाईनं फाडून पाह्यला, चाकूनं खरवडून पाह्यला. निघत नाई! कोनतं सिमेंट लावलं, काय मालूम!"

मी खोलीच्या मागच्या दारानं आत गेले आणि साहेबांना कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून एक पार्सल काढून टेबलावर ठेवलं. माझंच हस्ताक्षर वाचत म्हणाले, "ये आपका साइन है ना अम्मा? 'अशी व्यक्ती राहत नाही'?"

"हो."

"और ये पद्मा?"

"ती पण मीच."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "चलान पे आपका नाम, फारम पे पद्मा का. मैं समझा बँकवाले ने गलती की! मैं बँक को दो चिठ्ठी लिखा!"

मी अगदी काकुळतीला आले. त्यांना मोठ्या सरांबद्दल सांगितलं, लगोरी खेळणाऱ्या मुलींबद्दल सांगितलं. सुट्ट्यांना चार दिवस आहेत, कागद नसेल तर आठवी नाही, हेही सांगितलं. साहेबांनी मला स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

"सुनो. उशिराच्या अर्जाची मुदत आज तीन बजे तक. चलान तुमचंच आहे, ते नव्या फारमला लावतो. पावती हातात देतो. मगर एक बात. गोदामात बाकी किताब नहीं है. पायाभूत लेते तो पद्मा की किताबें अभी ले जाओ."

बघा ना, तीन सेकंदांत सुचलेल्या एका बाईला जे कळत होतं, ते मला कळत नव्हतं. मी पायाभूत गणित घेतलं. एकच.

आणि त्या चाळीस जणांचं? साहेब म्हणाले, त्यांचे विषयही आज बदलून मिळतील, साध्या अर्जावर. मी स्वतः प्रत्येकाला अर्ज लिहून दिला. काटेवाल्यांना 'श्रीमती' खोडून 'श्री' करून दिलं. ते म्हणाले, "लय भली पोरगी हाय हो!" मी घाईनं पुढच्याचा कागद ओढला.

अडीच वाजले तेव्हा माझा नवा अर्ज कोराच होता. जिल्ह्याचा क्रमांक कितवा, केंद्राचा कितवा, माध्यमाच्या रकान्यात काय, डोक्यातून सगळं पुसलं गेलं होतं. माहितीपत्रक घरी. मग काय करणार? गेले भिंतीपाशी आणि मान वर करून स्वतःच्याच अर्जावरून स्वतःचा अर्ज उतरवायला लागले. पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली. दुसऱ्या ओळीत स्वतःच्या नावाची एक वेलांटी गिरवून गिरवून भोक पडलं.

माझ्या मागं एक कंडक्टर उभे होते. खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पिशवी. ड्यूटी संपवून शेवटच्या क्षणाला अर्ज भरायला आलेले. बराच वेळ ते एकदा भिंतीकडं, एकदा माझ्या कागदाकडं बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, इतकी घाई काऊन करून राह्यल्या? त्या भिंतीवरच्या पोरीकडं पाहा जरा. तिनं तीन-तीन गणितं घेतली, तरी एक खाडाखोड नाई. तुमचं एकच हाय, तरी हात कापून राह्यला. तिच्यावानी डोकं थंड ठेवून भरा ना!"