भुशातलं मीठ

मातीशिवाय झाडं वाढवणं हे माझं आयुष्यभराचं काम. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात झाडाला काय मिळतं आणि काय मिळत नाही हे मोजण्यात ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत माझी सव्वीस वर्षं गेली. सल्ला देताना माझा आवाज सहसा कापत नाही. तो कापला शहरालगतच्या मुरारला, सख्ख्या मामांसमोर.

मामा फौजेतून निवृत्त झालेले. घरामागच्या जागेत त्यांनी पॉलिहाउस उभारलं होतं. पहिल्याच वर्षी टोमॅटोच्या मुळांना मातीतल्या सूत्रकृमींमुळे गाठी आल्या, तेव्हा मीच म्हटलं, "मामा, माती सोडा. पिशव्यांत कोकोपीट भरा." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

माल आला, नमुना माझ्या टेबलावर आला. मी तो पाण्यात भिजवून क्षार मोजले. कमी होते. खरं तर आणखी एक तपासणी करायची असते. साध्या पाण्याने धुतलं तरी समुद्रकाठचं मीठ भुशाला धरून राहतं, म्हणून भुसा कॅल्शियमच्या द्रावणात ठेवून किती सोडियम सुटतं ते बघायचं. पण सोडियम मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, आणि मामांची रोपं लावणीवाचून ट्रेमध्येच उंच होत चालली होती. विकणाऱ्याने "धुतलेला माल" असं लिहून दिलं होतं. माल पास म्हणून मी सही केली.

जानेवारीतल्या एका सकाळी मामांचा फोन आला. "बेटा, टमाटर नीचे से काले पड़ रहे हैं. लगेच ये."

बाहेर दाट धुकं होतं, इकडचा कोहरा. फूलबागेतल्या माझ्या घरापासून मुरारपर्यंत स्कूटर मी जवळजवळ पायांनी रेटतच नेली. मामा पॉलिहाउसच्या दारात उभे होते. त्यांनी एक टोमॅटो चाकूने उभा कापून माझ्यापुढे धरला. तळाशी काळा, चामड्यासारखा डाग. मी शेंड्याची कोवळी पानं उलटून पाहिली. कडा करपलेल्या. झाडांना कॅल्शियम पोचत नव्हतं.

"तू सांगितलंस तेच खत दिलं," मामा म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही."

"माहीत आहे, मामा."

"मग?"

माझ्या मनात त्या सहीचा विचार येऊन गेला होता. पण कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतं आणि धुक्यात झाड पाणी कमी ओढतं, हेही खरं होतं. मी त्या खऱ्याला धरलं. "कोहऱ्यामुळे असेल," म्हटलं.

मामींनी चहा आणला. "तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही गं," त्या म्हणाल्या. तो चहा मला संपवता आला नाही.

तीन पिशव्यांतला भुसा घेऊन मी प्रयोगशाळेत आले. यंत्र परत आलेलं होतं. दुपारपर्यंत आकडे समोर होते. मामा रोज देत होते ते कॅल्शियम भुसाच धरून ठेवत होता आणि बदल्यात मीठ सोडत होता. झाडं उपाशी होती.

कागद घेऊन मी प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला, दार लावलं.

"कोहरा लिहा, मॅडम. वो झूठ भी नहीं है."

"सर, हाच माल आणखी चौघा शेतकऱ्यांनी भरलाय. त्यांनाही मीच पास करून दिला होता."

"म्हणूनच सांगतोय."

घरी जाऊन मी अहवालाचे दोन मसुदे लिहिले. धुक्याचा मसुदा जास्त चांगला उतरला होता, कुणालाही पटला असता. सकाळी तो फाडला, दुसऱ्यावर सही केली, त्या चौघांना फोन केले आणि मुरारला गेले.

मामांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं.

"काल शंका होती तुला?"

"होती."

"तो बोलना था ना." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मामी आत निघून गेल्या. मग ते म्हणाले, "आता काय करायचं ते सांग."

तेच अवघड होतं. झाडं उपटून भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात नीट भिजवला तर हंगाम हातचा जाणार. झाडं ठेवून पिशव्यांतून तेच पाणी पुन्हा पुन्हा सोडलं तर मीठ वाहून जाईल, पण त्या थंडीत ओल्या मुळांना कूज लागू शकते. मी म्हटलं, "दक्षिणेच्या ओळींना ऊन मिळतं, त्या वाचवू. उरलेल्या काढा."

मामांनी पहिलं झाड स्वतः उपटलं. नंतर आम्ही दोघं दिवसभर तेच करत राहिलो.

पुढचे तीन आठवडे मी रोज कामावर जाण्याआधी मुरारला गेले, पिशव्यांतून निथळणारं पाणी मोजलं, मुळं हुंगून पाहिली. एका ओळीला कूज लागलीच. बाकीच्यांवर नवी फळं धरली. सुपारीएवढं झालं की प्रत्येक फळ मी उलटून बघायचे. फळं स्वच्छ निघाली. रिकाम्या पिशव्यांत मामांनी पुन्हा रोपं लावली, पण ती उन्हाळ्यात सापडली आणि फारसं काही आलं नाही. चौघांपैकी दोघांचं पीक वेळेवर सावरलं. एकाने माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. चौकशीत मी नाकारण्यासारखं काही नव्हतं. नमुने पास करण्याचं काम वर्षभर माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि साहेब कामापुरतं बोलू लागले.

पुढच्या हंगामात मामांनी खतांचं वेळापत्रक माझ्याकडून घेतलं आणि मला न सांगता दुसऱ्या एका तज्ज्ञालाही दाखवलं. मला ते मामींकडून कळलं. दोन दिवस मी धुमसत होते. मग त्याच्या दुरुस्त्या वाचल्या. पोटॅशचं प्रमाण त्याने कमी केलं होतं, आणि त्याचंच बरोबर होतं. मी मामांना फोन करून सांगितलं, "त्याचंच द्या."

"ठीक आहे," मामा म्हणाले. "रविवारी जेवायला ये."