गिरणीच्या माडीवरचा रविवार

महाडच्या बाजारात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची उपासना भरायची. चर्च म्हणावं अशी इमारत नव्हती. भाड्याची खोली, चार सतरंज्या, एक बाजाची पेटी आणि भिंतीवर लाकडी क्रूस. पाळकसाहेब लांबून यायचे, तेही महिन्याच्या पहिल्या रविवारी. बाकीचे रविवार मंडळीतल्याच कुणीतरी चालवायचे. मी पोलादपूरला शाळेत शिक्षिका, आवाज खणखणीत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराही होता.

गिरणीवाले काका हिंदू. दळणाची खरी गर्दी रविवारीच, तरी बरोबर दहा वाजता ते गिरण बंद करायचे ती साडेअकराला सुरू. आम्ही कधी तसं सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "वर देवाचं चाललंय. डबा ठेवून जा." पीठ मात्र जिन्यानं वर यायचंच. आमच्या गीतांच्या पुस्तकांवर कायम पांढरा थर असायचा.

पोलादपूरहून माझ्यासोबत मंडळीतली एक म्हातारी मावशी असायची. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. दोघं घाटावरच्या ख्रिस्ती घरांतली, पण चाळीस वर्षं इथं काढून बोली पार इथली झालेली. नवरा गेला, मुलगा विरारला, ही इथंच राहिली. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिला एसटीला तिकीट नव्हतं, आणि याचा तिला केवढा अभिमान! कंडक्टरनं विचारायच्या आत कार्ड त्याच्या नाकासमोर धरायची. तिला अक्षरओळख नव्हती. मी शास्त्रपाठ वाचू लागले की ती डोळे मिटून, मांडीवर आपलं बायबल उघडं ठेवून बसायची. पुस्तक कधी कधी उलटंही असायचं. मला हसू यायचं.

मंडळी आधीच मूठभर. नर्सबाईंची बदली झाली, बँकेतलं कुटुंब गेलं, आम्हा दोघींखेरीज दोनच घरं उरली. टाळेबंदीत मोबाईलवर उपासना बघायची सवय लागली होती, ती मला भलतीच मानवली. शहरातलं मोठं चर्च, सुरेल गाणी, आणि हातात चहाचा कप. त्यात एका पावसाळ्यात पाळकसाहेब आजारी पडले आणि त्यांचं येणं थांबलं. मी एक रविवार चुकवला. मग दुसरा चुकवणं सोपं गेलं. मी मनाशी वाद घालायचे, देव काय फक्त गिरणीवरच भेटतो? प्रश्न बिनतोड होता. मावशीला मात्र माझ्याशिवाय सोबत नव्हती, हे त्या प्रश्नात कुठंच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती दारात यायची. "बाई, उद्या येताय ना?"

"मावशी, शाळेचं फार काम आहे हो. पेपर तपासायचेत."

पेपर कधीच तपासून झालेले असायचे. एकदा तर मी कशेडी घाटात दरड आल्याचं कारण सांगितलं. महाड आमच्या उत्तरेला, कशेडी दक्षिणेला. महाडची गाडी त्या दरडीनं कशी अडणार? चाळीस वर्षं या रस्त्यावर काढलेली बाई नुसतं "बरं" म्हणाली आणि छत्री उघडून गेली. माझ्या पाठोपाठ उरलेली दोन घरंही यायची थांबली. वाचणारी बाईच येत नाही, तर आपण जाऊन काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. मावशी तरी कशाला जाईल, असं मी धरून चालले.

दिवाळीला मी माहेरी गेले. परत आले तर मावशीच्या दाराला कुलूप. पाय घसरून पडली, मुलगा विरारला घेऊन गेला, असं शेजारणीनं सांगितलं.

काही दिवसांनी शाळेच्या खरेदीसाठी महाडला गेले. गिरणीवरून मान खाली घालून जात होते, तर काकांनी हाक मारली.

"मावशी कशी हाय आता?" त्यांनी विचारलं. मी अजून साधा फोनही केला नव्हता. मग तेच सांगायला लागले. "तुम्ही येत नव्हता, तरी ती यायची. एकटीच वर बसायची. मी दहाला गिरण बंद ठेवायचो."

"एका बाईसाठी?"

"माणूस बसलंय ना वर. एकदा पुस्तक घेऊन खाली आली, म्हणाली, एवढं वाचून दाखवा. माझे हात पिठाचे, चष्मा घरी. घरी जाऊन आणला. मग दर रविवारी मीच वाचायचो. मी चुकलो की ती पुढचा शब्द सांगायची. तिला सगळं पाठच होतं."

तिला सगळं पाठ होतं. म्हणजे माझा खणखणीत आवाज तिला कशालाच नको होता. शेजारी बसून वाचणारं माणूस हवं होतं, एवढंच.

"माझ्याबद्दल काही म्हणायची का?" मी विचारलं.

"दर वेळी म्हणायची. शेवटी डोळे मिटून तुमच्यासाठी मागायची, आमच्या बाईंचं शाळेचं ओझं हलकं कर म्हणून."

मी वर गेले. मावशीचं पुस्तक कोनाड्यात होतं. पान उलटावं तिथं कोपऱ्यावर पिठाच्या अंगठ्याचा ठसा.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवलेला नाही. कधी चौघं असतो, कधी मी एकटीच मोठ्यानं वाचते. फोन करायला मात्र तीन आठवडे धीर झाला नाही. खरं काय ते सांगून माफी मागायची, असं ठरवलं होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर माडीवर बसूनच शेजारणीकडून घेतलेल्या तिच्या मुलाच्या घरच्या नंबरावर फोन लावला. सुनेनं तो मावशीच्या कानाला धरला.

"बाई, तुमी? कुठून बोलताय?"

"गिरणीवरून, मावशी. उपासना झाली आत्ताच."

 मग तिनं विचारलं, "म्हंजे शाळेचं काम हलकं झालं ना?"

जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडात होती. तिच्या आवाजात इतका आनंद होता की ती बाहेर काढणं मला जमलं नाही.

"झालं, मावशी," मी म्हणाले.

तिचा आवाज फोनपासून जरा लांब गेला. ती सुनेला सांगत होती, "बघ, मी म्हनत नव्हते? ऐकलं देवानं."