अंबक्काचे संवाद कोण लिहायचं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जे सगळ्यांना सांगत आलो ते आधी सांगून टाकतो, म्हणजे जरा धीर येईल. माझ्या पहिल्या कमाईच्या व्हिडिओची गोष्ट. बेंगळूरच्या चिकपेटेतल्या एका ओळखीच्या दुकानदारानं साड्या दाखवायला बोलावलं होतं. मी डोक्यावरून पदर घेऊन, मिशी तशीच ठेवून, दीड मिनिट तोंडाला फेस येईस्तोवर बोललो. नंतर पाहिलं तर कॅमेरा माझ्याकडे नव्हताच. समोर बसून दात कोरणारा दुकानदार तेवढा छान आला होता. त्याला तो व्हिडिओ फार आवडला.

ही गोष्ट मी हुकमी हशा घेत सांगतो. पुढची सांगत नाही.

आमचं अस्तराच्या कापडाचं दुकान बंद पडलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. या वयात माणूस काय करतो? मी साडी नेसलो. अंबक्का नावाची बेंगळूरची मराठी म्हातारी झालो आणि फोनवर मिनिटा-मिनिटाचे व्हिडिओ टाकू लागलो. "काय ग, स्वल्प बस की, कॉफी घेऊन जा" असं बोलणारी म्हातारी. पुण्या-मुंबईचे लोक तिच्या भाषेला हसले, इथले लोक 'आमची आजी, आमची आजी' म्हणून हसले. हसण्याला काय, दोन्हीकडून पैसे येतात. घर चालू लागलं.

सगळे एकच विचारायचे – संवाद कोण लिहितं? मी म्हणायचो, प्रेक्षक पाठवतात. ऐकायला बरं वाटायचं. नम्रही.

खरं म्हणजे ते माझी थोरली बहीण बोलायची.

अक्का जे. पी. नगरला लेका-सुनेजवळ राहते. तिला फोनवर टाइप करता येत नाही, म्हणून ती बोलून निरोप पाठवते. रोज सकाळी, चार-चार मिनिटांचे. मी चौपन्न वर्षांचा, पण तिच्यासाठी अजून तम्मा, धाकटा भाऊ. "तम्मा, ऐक की" अशी सुरुवात, आणि मग दूधवाला, गुडघा, वरच्या मजल्यावरच्यांचं कुत्रं. मी कान लावून ऐकायचो. तिला वाटायचं, भाऊ किती मायेनं ऐकतो. मी वही घेऊन बसलेलो असायचो – हे तिला कसं कळणार?

आणि तिनं ओळखलं कसं नाही, असं विचाराल. नाही ओळखलं. अंबक्का बघून ती पोट धरून हसायची. म्हणायची, "ही बाई अगदी आपल्या मावशीसारखी बोलते रे!" आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यावर माझा धंदा उभा होता.

मग तो शुक्रवारचा निरोप आला. अक्काला शुगर आहे. सून – चांगली पोरगी आहे, काळजीनंच करते – घरात गोड ठेवत नाही. तर अक्का आणि शेजारच्या सरोजम्मा दर शुक्रवारी राहुकाळात बनशंकरीच्या देवळात लिंबाचे दिवे लावायला जायच्या. दिवे लावायच्या, नाही असं नाही. पण येताना दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, एका प्लेटमध्ये दोघी केसरीभात खायच्या – तुपानं थबथबलेला गोड शिरा. आणि उरलेलं एक लिंबू अक्का बोटांना चोळायची – तुपाचा वास सुनेला येऊ नये म्हणून. "कुणाला सांगू नको हं तम्मा," ती हसत हसत म्हणाली, "आम्ही दोघी आणि तू, एवढ्यांनाच माहीत."

लिंबू सोडून दिलं असतं, तरी व्हिडिओ चालला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण लिंबानंच तर मजा येत होती, नाही का? मी लिंबू ठेवलं. तो व्हिडिओ इतका चालला, की दर्शिनीत अनोळखी लोक मला बोटं चोळून दाखवू लागले.

सुनेनंही पाहिला. पुढच्या शुक्रवारी अक्का घरी आली तेव्हा तिनं काही न बोलता सासूचा हात हातात घेतला आणि बोटांचा वास घेतला. बस. देवळात जाणं बंद झालं.

अक्काचा फोन आला. ती रागावली नव्हती, हे मला आजही आठवतं. बारीक आवाजात म्हणाली, "तम्मा, तुला कुणी पाठवलं हे? सरोजम्माच्या मुलीनं?"

एवढंच विचारलं. आणि मी –

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. गप्प बसलो. फार तर तीन-चार श्वास. अक्का म्हणाली, "सरी. कळलं." फोन ठेवला. सरोजम्मांशी तीस वर्षांची मैत्री, दोन घरांच्या मधे एकच भिंत – ती त्या फोनबरोबर तुटली. माझ्यावर तिला संशय आलाच नाही. एवढा विश्वास माणसानं ठेवावा का?

त्या वर्षी वरमहालक्ष्मीच्या हळदीकुंकवाला अक्कानं सगळी गल्ली बोलावली, सरोजम्मांना सोडून. मी तिथं होतो. निघताना सरोजम्मांनी आपल्या फाटकातून हाक मारली. नवी साडी नेसून उभ्या होत्या, बोलावणं येईल म्हणून. कन्नडमध्ये विचारलं – अण्णा, अक्काला कसला राग आलाय? मी म्हणालो, "गोत्तिल्ला." मला माहीत नाही. आणि चपला घातल्या.

याला दोन वर्षं झाली. दोघी अजून शेजारीच राहतात. अक्काचे निरोप येतात, पण अर्ध्या मिनिटाचे – जेवलास का, बरा आहेस का. त्यात व्हिडिओ करण्यासारखं काही नसतं. अंबक्काचे संवाद आता मी लिहितो, आणि ते लोकांना फारसे आवडत नाहीत. अक्काला मी अजून सांगितलेलं नाही. हे मराठीत लिहितोय, आणि तिला कन्नडच वाचता येतं – हेही मला ठाऊक आहे.

परवा हे बायकोला वाचून दाखवलं. सुमन बेळगावची, ऐकून घेते आणि मग बोलते. मी वाचून संपवलं आणि थांबलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आमच्या दोघांच्या मधे टेबलावर पडलेल्या माझ्या फोनकडे पाहिलं.

"आधी तो आत ठेवून या," ती म्हणाली, "मग बोलते."